येसूमावशीचा उंबरा

अन्याय झाला तो येसूमावशीवर. कल्याणात बंदराकडे उतरणाऱ्या गवत आळीत राहणारी, पोहे कांडून पोट भरणारी, मूलबाळ नसलेली विधवा. आणि तो झाला यंदाच्या भाद्रपद वद्य प्रतिपदेला, सकाळी, आगीनंतर नेमलेली जळीत कमिटी बसल्याबरोबर. त्या दिवशी मावशी या जगात नव्हती. ज्या पंधरवड्यात लोक आपल्या गेलेल्या माणसांसाठी पान वाढतात, त्याच्या पहिल्याच दिवशी आमच्या शहाण्या कमिटीनं एका गेलेल्या बाईचं घर काढून घ्यायचं ठरवलं. कारण असं दिलं की जागा मोकळी आहे, आणि तिच्यावरून लोकांची वहिवाट पडली आहे.

मोकळी! मावशीला ओळखणारा कोणीही हा शब्द ऐकून आधी हसेल आणि मग संतापेल. जे ओळखत नव्हते, त्यांनी हे वाचावं. वाचून झाल्यावर त्यांच्याकडे माझं एक काम आहे.

तिचं माहेर कुठलं, लग्न कधी झालं, नवरा कशानं गेला, मला ठाऊक नाही. विचारलं असतं तर तिनं मुसळ दाखवलं असतं. बुटकी, रुंद खांद्यांची, दंडावर गोंदण. आयुष्यभर मुसळ चालवल्यामुळे तिचं बोलणंही मुसळासारखंच पडायचं. दोन शब्द, मग "हं". हातात मुसळ नसलं तरी "हं" चुकायचा नाही. मी ठाण्याच्या एका शिळाछापखान्यात काम करतो आणि रिकाम्या वेळात अन्यायाविरुद्ध चोपडी, पत्रकं छापतो, म्हणून तिनं माझं नाव "छापील" ठेवलं होतं.

"काय रे छापील, हं, आज कुणाला झोडलास, हं?"

तिचं घर कुडाचं आणि गवती छपराचं, आळीतल्या सगळ्या घरांसारखं. दार इतकं ठेंगणं की बायकांनाही वाकावं लागायचं. पण उंबरा! कुठल्याशा फुटलेल्या गलबताचा सागवानी वासा नवऱ्यानं बंदरावरून ओढत आणला होता, त्याचा तो उंबरा. घराला उंबरा बसवतात. इथं उंबऱ्याला घर बसवल्यासारखं वाटायचं. आणि त्या उंबऱ्याचे कायदे कचेरीतल्या कायद्यांपेक्षा कडक. त्यावर बसायचं नाही. त्यावरून देणंघेणं करायचं नाही. गिऱ्हाईक एक पाय आत आणि एक बाहेर ठेवून पोह्यांची चौकशी करू लागलं, की मुसळ थांबायचं.

"आत ये, नायतर बाहेर हो."

यापेक्षा जास्त ती कुणाला काही सांगत नसे. आळीतल्या भांडणात, सोयरिकीत, रुसव्याफुगव्यातही तिचा निवाडा हाच. मध्ये लोंबकळणारं माणूस तिला खपत नसे.

एकदा आळीच्या तोंडाशी असलेल्या गवताच्या वखारीचे मुनीम आले. दाराला वळसा घालायचा तर चिखल होता, म्हणून त्यांनी कुडातल्या झरोक्याशी तोंड नेऊन हाक मारली, "अगं ए, शेटजींकडे पोहे पाठव."

मुसळ चालूच. मुनिमांनी पुन्हा हाक दिली. शेजारची पारू आत बसलेली होती, ती म्हणाली, "मावशी, मुनीम बोलवतायत."

"कुठं? दारात तर कोण नाय. हं. भिंतीला तोंड फुटलं काय?"

मुनीम चिखलातून जोडे सांभाळत वळसा घालून दाराशी आले, वाकले, आत शिरले. लगेच मावशीचा चेहरा फुलला. तिनं पाट दिला, पाणी दिलं, गरम पोह्यांची मूठ हातावर ठेवली. "बसा. आता कसे माणसासारखे आलात."

अपमान करायची तिची हौस नव्हती. दारातून येणाऱ्या कुणाचाही तिनं कधी अपमान केला नाही. शेटचा मुनीम असो की बंदरावरचा हमाल, तिच्याकडे पाट एकच होता.

अक्षय्यतृतीयेच्या दुपारी गवत आळी जळाली. आग वखारीत लागली. मुंबईला जायच्या गवताच्या गंज्या तिथं खच्चून भरलेल्या होत्या. खाडीकडून वारा सुटला आणि पेटतं गवत छपरांवर येऊन पडलं. लोकांनी पोरं काढली, गुरं सोडली, म्हाताऱ्यांना पाठुंगळीला मारलं. बाकी काही काढता आलं नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण कमिटीच्या कागदात "गवती छपरांमुळे आग लागली" असं वाक्य आहे. छपरांनी आग लावली नाही. छपरं जळली. लावणारा आणि जळणारा यांतला फरक ज्यांना कळत नाही, ते शहर पुन्हा बांधायला निघाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आळीत गेलो, तर सगळीकडे राख, रडणं, आणि या सगळ्यात मावशी केरसुणी घेऊन वाकलेली.

"मावशी, काय करताय?"

"घर झाडतेय. दिसत नाय?"

आणि खरंच ती घरच झाडत होती. जिथं भिंत होती तिथवर राख लोटायची, एक बोटही पुढे नाही. मग राख सुपात भरायची आणि दारातून बाहेर नेऊन टाकायची. चहूबाजूंनी उघडं असताना दारातून! उंबरा बाहेरच्या अंगानं काळाठिक्कर पडला होता, पण शाबूत होता. झाडून झाल्यावर तिनं त्याला तेलाचं बोट लावलं, वरून हळद चोळली. काळ्या लाकडावर ती हळद काही धड दिसेना. तिनं आणखी चोळली.

मग जळीत कमिटी बसली. तीत वखारीचे शेट, त्यांचेच दोघे व्यापारी स्नेही आणि एक वकील. म्हणजे ज्याच्या वखारीतून आग निघाली, तोच जळालेल्यांचं भलं करायला वर बसला. कमिटीला बंदराचा रस्ता रुंद करायचा होता आणि वखारीला अंगण हवं होतं. शहर पुन्हा उभारायचं तर रस्ते रुंद हवेत, हे मलाही कळतं. पण रस्त्याची रुंदी दर वेळी गरिबाच्या घरातूनच का निघते, ते मला कुणी समजावून सांगावं.

कमिटीनं दोन हुकूम काढले. पहिला, यापुढे गवती छप्पर नाही, कौलंच हवीत. गावाजवळच्या कुंभारांच्या भट्ट्या व्यापाऱ्यांनी आधीच आपल्या नावे बांधून ठेवल्या होत्या, म्हणजे आळीला कौल मिळायचं नाही. दुसरा हुकूम दवंडीनं आला. पण तो लिहिणारा कमिटीचा कारकून जुन्या वळणाचा. गावात घरं किती, असं तो कधी लिहीत नसे. उंबरे किती, असं लिही. सगळं आयुष्य उंबरे मोजण्यात गेलेलं. त्यानं सवयीनं घराच्या जागी उंबरा लिहिला, आणि कमिटीनं न वाचता सही केली.

दवंडीवाला आळीत आला आणि ओरडला, "ऐका हो ऐका! मृगाच्या आधी ज्या जागेवर उंबरा नसेल, ती जागा मोकळी समजून कमिटी ताब्यात घेईल होऽऽ!"

बायकांनी कपाळाला हात लावला. मावशी मात्र उठून दवंडीवाल्यासमोर उभी राहिली.

"काय बोललास? परत बोल."

तो परत बोलला.

"घर बोललास की उंबरा?"

"उंबरा, मावशी. लिहून दिलंय तेच बोलतो. मला काय करायचंय?"

"मंग जोरात बोल. वरच्या आळीत ऐकव, बाजारात ऐकव. घसा सुकला तर पाणी पी, हं, पण शब्द बदलू नको."

तो गेल्यावर ती आळीकडे वळली. "ऐकलात? उंबरा मागतायत. देऊन टाकू."

लोकांना आधी वाटलं, आगीनं बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. पण करण्यासारखं दुसरं होतंच काय? धर्मा तांडेल, म्हणजे पारूचा नवरा, फुटक्या होडीचा कणा घेऊन आला आणि आपल्या दाराच्या जागी त्यानं तो आडवा पुरला. मग कुणी बैलगाडीचा आख आणला, कुणी अर्धवट जळलेल्या खाटेचा दांडा, कुणी सरळ वाटणाचा पाटाच उभा गाडला. एका म्हातारीनं बंदरावरून गलबताच्या नांगराचा मोडका दांडा आणला आणि "माझा उंबरा हलायचा नाय" म्हणून आळीभर मिरवली. भिंत नाही, छप्पर नाही, खांब नाही, आणि राखेत ओळीनं उंबरे! प्रत्येकावर हळदकुंकू.

मी त्या वेळी एक पत्रक लिहून नेलं होतं. कमिटीची सालटी काढली होती. मावशीनं ते सगळं माझ्याकडून वाचून घेतलं आणि म्हणाली, "शिव्या झ्याक हायत. पण यात आमचा उंबरा कुठाय?"

मग तिनं सांगितलं तसं छापलं. कमिटीची दवंडी, जशीच्या तशी, मोठ्या अक्षरांत, खाली एकही शब्द नाही. कल्याणच्या भिंतींवर ती चिकटली, तेव्हा कमिटीला आपला शब्द पहिल्यांदा दिसला. पण आता तो मागं घेणार कसा? सगळ्या गावाला पाठ झाला होता.

उंबरे बसले, तरी त्यांच्या आत राहायचं कसं, हे मावशीनं आळीला शिकवलं. पारू हाताच्या अंतरावर चुलीशी बसलेली समोर दिसत असली, तरी मावशी तिच्या उंबऱ्याशी जाऊन उभी राहायची.

"पारू, हायस काय घरात?"

"हाय की! या ना मावशी."

तेव्हाच आत पाऊल. एकदा धर्मा घाईघाईत सरळ आडवा चालत आला, तर मावशी कडाडली, "धर्मा! भिंत पाडलीस! परत जा, दारातनं ये!" मुंबईपर्यंत होडी नेणारा दांडगा तांडेल, चार माणसांसमोर कान पाडून मागं गेला आणि फिरून दारातून आला. वरच्या आळीतली मंडळी तमाशा बघायला यायची, हसायची. मावशी त्यांना बोलवायची, "हसा, पण आत येऊन हसा. नायतर बाहेर हसा. माझ्या भिंतीत उभं राहून हसू नका."

हळूहळू ते हसणारेसुद्धा उंबऱ्याशी थांबून हाक मारू लागले.

मृग तोंडावर आला, तशी कमिटी पाहणीला आली. बरोबर मामलेदारसाहेबांना आणलं होतं, म्हणजे निकाल तिथल्या तिथं लागावा. वकील सगळ्यांच्या पुढे. ते थेट मावशीच्या जागेत आडवे घुसले.

"अहो, अहो! भिंतीतून कुठं चाललात?"

"कुठली भिंत?" वकील म्हणाले.

"माझी. शेणानं सारवलेली."

"बाई, इथं काहीएक नाही."

"नाय कसं? तुम्ही उभे हायत ती माझी चूल."

वकिलांनी खाली पाहिलं. जोडे बरोबर तीन दगडांच्या मध्ये, निखाऱ्यावर. त्यांनी जी उडी मारली, ती पाहून कमिटीतले व्यापारीही हसू लागले. वकील भडकले.

"उंबरा म्हणजे घर, हे शेंबडं पोरही सांगेल!"

"मंग शेंबड्या पोरालाच कमिटीत घ्यायचं होतं. हं. तुम्ही उंबरा बोललात."

वकिलांनी तिच्याकडे पाठ केली. "साहेब, हा सगळा पोरखेळ आहे. आपण स्वतः आत या आणि बघा, घर कुठं दिसतं का."

मामलेदारसाहेब उंच, वयस्क, डोक्यावर मोठी पगडी, उन्हानं त्रासलेले. ते आळीच्या बाजूनं फिरून मावशीच्या उंबऱ्यासमोर आले. जोडे काढले. धोतराचा सोगा उचलला. उजवा पाय उंबऱ्यापलीकडे टाकला, एका हातानं पगडी सांभाळली, आणि वाकले.

वर आभाळ होतं. दुसरं काही नव्हतं.

आत जाऊन साहेब ताठ झाले आणि पगडी नीट आहे ना, हे त्यांनी चाचपून पाहिलं. मावशी त्यांच्याजवळ गेली. तिच्या तोंडून त्या वेळी एकदाही "हं" आला नाही, हे माझ्या नीट लक्षात आहे.

"साहेब, वाकलात. कशाला वाकलात?"

साहेबांनी वर पाहिलं. मग मागं वळून उंबऱ्याबाहेर काढलेल्या आपल्या जोड्यांकडे पाहिलं. आणि तो उन्हानं करपलेला माणूस पोट धरून हसला.

"बाई, पाणी आहे का घरात?"

घरात, म्हणाले! पारू धावत तांब्या घेऊन आली. तीही घाईत दारातूनच आली. पाणी पिऊन साहेबांनी कमिटीच्या त्याच कारकुनाला सांगितलं, "लिहा, उंबरा आहे." मग पुढच्या जागेसमोर. "लिहा, उंबरा आहे." होडीचा कणा, गाडीचा आख, पाटा, नांगराचा दांडा, सगळे लिहिले गेले. त्या म्हाताऱ्या कारकुनाचा हात तेवढा एक शब्द लिहायला कधीच थांबला नसेल. वकील आणि शेट आळीच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले होते, ना आत ना बाहेर.

जागा वाचल्या. आता घरं हवी होती. कौलं गावात मिळेनात, म्हणून धर्मानं होडी काढली आणि खाडीच्या वरच्या अंगाच्या कुंभारवाड्यांतून कौलं आणली. बायकांनी माती तुडवली, बाप्यांनी बांबू चिरले, कूड विणले. बाकी जगात घर पायापासून चढतं. गवत आळी दारापासून मागं वाढली. आधी उंबरा, मग चौकट, मग तिच्या आधारानं भिंती. आज कुणाचं घर बांधायला घ्यायचं, हे मावशी ठरवायची. तान्हं मूल असेल त्याचं आधी, म्हातारं असेल त्याचं नंतर, आणि स्वतःचं सगळ्यांत शेवटी.

"माझं सामान काय? एक मुसळ. ते भिजत नाय."

पाऊस लागला तेव्हा आळी बहुतेक लाल झाली होती. कौलं मात्र संपली होती आणि खाडीला उधाण. धर्माला होडी घालता येईना. मावशीचं घर राहिलं.

मी तिला शेवटचं पाहिलं ते श्रावणात. कामासाठी कल्याणात आलो होतो आणि भिजत स्टेशनाकडे परत निघालो होतो. उतारावरून गवत आळी दिसली, नव्या कौलांवरून पाणी वाहत होतं. त्या सगळ्या लाल घरांच्या मधोमध एक उघडी जागा, आणि तीत डोक्यावर पानांचं इरलं घेऊन बसलेली मावशी, उंबऱ्याकडे तोंड करून. पारू आपल्या दारातून जीव तोडून ओरडत होती.

"मावशी, आत या हो! भिजताय किती! आत या!"

इरल्याखालून मुसळ पडावं तसा आवाज आला, "मी आतच हाय!"

मी तसाच उतरत खाली जाणार होतो. गेलो नाही, ठाण्याच्या गाडीनं परत जायचं होतं. तो आवाज तेवढा घेऊन गेलो.

हिवतापानं तिला पारूच्या घरी न्यावं लागलं, तेही ती शुद्धीवर नव्हती म्हणून. गेली, तेव्हा धर्मानं आणि आळीतल्या बाप्यांनी तिला आधी तिच्या जागेवर आणलं आणि तिथून उचललं. बंदराकडच्या बाजूनं निघाले असते तर मसणवाट जवळ होती. त्यांनी तिला उंबऱ्यावरून, दारातून बाहेर काढलं. इतकी वर्षं त्या आळीत राहून ते तिचा कायदा शिकले होते.

आणि वाचकहो, तुम्ही?

आता मी कमिटीला सोडतो आणि तुमच्याकडे वळतो, कारण वहिवाट कमिटीनं पाडलेली नाही. ती तुम्ही पाडली आहे. बाजारातून बंदराकडे जाताना गवत आळीचं वळण टाळायचं म्हणून तुम्ही मावशीच्या जागेतून आडवे जाता. तुम्हाला वाटतं, रिकामीच तर आहे, दोन पावलं वाचली. कमिटीचा माणूस आला आणि त्यानं चिखलातले तुमचे पाय पाहिले. तुमच्या पायांच्या साक्षीवर ते घर मोकळं ठरलं आहे. ज्या बाईनं मामलेदाराला वाकायला लावलं, तिची भिंत तुम्ही रोज भाजीची टोपली घेऊन पाडता.

दसऱ्याला कमिटी शेवटची पाहणी करणार आहे. तोवर पाऊस आहे, माती ओली आहे, आणि गवत आळीत गवत उगवायला वेळ लागत नाही. तुम्ही आजपासून पाय आवरलेत, तर दसऱ्यापर्यंत ती पाऊलवाट बुजेल आणि वहिवाट म्हणून दाखवायला कमिटीपाशी काही उरणार नाही. धर्मा पाणी उतरताच कौलं आणायला निघणार आहे. ते घर उठेल, आणि ज्याचं घर आगीत गेलं आणि ज्याला स्वतःची जागाच नव्हती, अशा पहिल्या माणसाला ते मिळेल. आळीनं तसं ठरवलं आहे.

तेव्हा बंदरावर जायचं असेल तर वळसा घाला. चिखल लागेल, लागू द्या. आणि हातभार लावायचा असेल तर समोरून या, जोडे काढा, उंबऱ्याशी थांबून हाक मारा. पारू शेजारून ओ देईल. काळा उंबरा आहे, हळद लावलेला. चुकणार नाही.

आत या, नाहीतर बाहेर व्हा. मावशीच्या भिंतीतून जाऊ नका.